बहिष्कार : कोणी, कोणावर?

गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाचा इतिहास शिकवीत होतो. बोलण्याच्या ओघात सांगितले की, १९७४ साली भारताने डेव्हिस चषक टेनिस स्पर्धेचा अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेशी खेळण्यास नकार दिला आणि हाताशी आलेला चषक सोडून दिला. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठून उभा राहिला. वस्तीतून येणारा, फुटबॉल चांगला खेळणारा मुलगा. म्हणाला, "सर, पण खेळात राजकारण कशाला आणायचं? त्या खेळाडूंची काय चूक होती?"

प्रश्न प्रामाणिक होता. मी काहीतरी उत्तर दिले. पण घरी जाताना ते मलाच अपुरे वाटले. त्या मुलाला जे नीट सांगता आले नाही ते येथे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम घटना. १९७४ साली भारताच्या टेनिस संघाने कलकत्त्यात ऑस्ट्रेलियाला ३-२ असे हरविले. त्यानंतर सप्टेंबर महिन्यात उपान्त्य लढत झाली ती आपल्या पुणे शहरात. समोर सोव्हिएत संघ होता. विजय आणि आनंद अमृतराज यांच्या भारतीय संघाने ही लढत ३-१ अशी जिंकली. दुसऱ्या उपान्त्य लढतीत दक्षिण आफ्रिकेने इटलीला हरविले होते. म्हणजे अंतिम सामना भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. १९०० साली ही स्पर्धा सुरू झाली तेव्हापासून अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि ऑस्ट्रेलिया या चारच देशांकडे चषक फिरत राहिला होता. पाचवे नाव कोरले जाण्याची वेळ आली होती आणि ते भारताचे असण्याचा पुरेपूर संभव होता. भारताने खेळण्यास नकार दिला. दक्षिण आफ्रिकेला पुढे चाल मिळाली. अंतिम सामना न खेळताच चषक देण्याची त्या स्पर्धेच्या इतिहासातील ती पहिली वेळ. त्यानंतर भारत पुन्हा अंतिम फेरीत पोचला तो १९८७ साली आणि स्वीडनकडून हरला. डेव्हिस चषक भारताने आजवर कधीच जिंकलेला नाही.

तेव्हा माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नात वजन आहे. ज्यांनी वर्षानुवर्षे घाम गाळला त्यांच्या हातून ती संधी गेली आणि पुन्हा आली नाही. ही किंमत लहान होती असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. प्रश्न असा की, ती कशासाठी मोजली गेली?

त्याआधी 'बहिष्कार' या शब्दाशी थोडे थांबले पाहिजे. आपल्या कानाला हा शब्द परका नाही. आपली ओळखच एके काळी या शब्दाने होत असे. १९२४ साली बाबासाहेबांनी संस्था काढली तिचे नाव 'बहिष्कृत हितकारिणी सभा'. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर दोनच आठवड्यांत, ३ एप्रिलला, पाक्षिक निघाले त्याचे नाव 'बहिष्कृत भारत'. आपण बहिष्कृत आहोत, हे त्यांनी मथळ्यावर छापून जगाला सांगितले.

माझी आजी हा शब्द वापरीत नसे. ती म्हणे, "गावानं वाळीत टाकलं व्हतं." तिच्या तरुणपणी आमच्या माणसांनी मेलेली ढोरे ओढायचे बंद केले, तेव्हा गावाने ठराव केला. वाण्याने मीठ-मिरची द्यायचे बंद केले. पिठाच्या गिरणीवर दळण घेईनात. शेतावर कोणी कामाला बोलावीना. विहिरीच्या वाटेवर माणसे बसली. आजी डोक्यावर दळण घेऊन तीन कोस लांबच्या दुसऱ्या गावी जात असे. अंधार पडायच्या आत परत यायचे म्हणून धावत. दोन महिने हे चालले. कोणी मारहाण केली नाही, कोणाची झोपडी जाळली नाही. पोलिसांत सांगावे तर गुन्हा कोणता सांगणार? दुकानदाराने मीठ विकले नाही, एवढेच.

बाबासाहेबांनी हे हत्यार अचूक ओळखले होते. मारहाणीपेक्षाही ते भयंकर आहे. कारण ते दिसत नाही आणि कायद्याच्या चौकटीत बसून उपासमार करते. म्हणूनच १९३० साली गोलमेज परिषदेत त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची जी योजना मांडली, तीत सामाजिक बहिष्कार हा स्वतंत्र गुन्हा ठरवावा अशी मागणी होती. त्यासाठी त्यांनी ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला होता. महाराष्ट्रात असा स्वतंत्र कायदा विधिमंडळाने संमत केला तो २०१६ साली आणि तो लागू झाला २०१७ साली. मधल्या काळात किती आज्या दळण घेऊन धावल्या असतील, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

मग ज्या हत्याराने आपल्याला इतके घायाळ केले, तेच दक्षिण आफ्रिकेवर चालविले गेले तेव्हा आपण त्याचे समर्थन कसे करायचे? त्या मुलाच्या प्रश्नाच्या पोटात हा दुसरा प्रश्न दडलेला आहे आणि आपल्यासाठी तोच खरा प्रश्न आहे.

इंग्रजीतील 'बॉयकॉट' हा शब्द एका माणसाच्या आडनावावरून आला. १८८० साली आयर्लंडमध्ये कॅप्टन बॉयकॉट नावाचा जमीनदाराचा कारभारी होता. गांजलेल्या कुळांनी ठरविले की, याच्या शेतावर राबायचे नाही, याच्याशी बोलायचे नाही. म्हणजे तेथे हा शब्द जन्मला तो खालच्यांनी वरच्यांविरुद्ध उचललेले हत्यार म्हणून. आपल्याकडे याच पुण्यात टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण आणि स्वराज्य यांच्याबरोबर 'बहिष्कार' होता. तो विदेशी मालावर होता. पण त्याच पुण्यात, त्याच काळात, जातीबाहेर टाकण्याचा बहिष्कारही जिवंत होता. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावे लागले. त्यांना निदान प्रायश्चित्ताची वाट होती. आम्हांला तीही नव्हती. कारण आम्ही काही केले म्हणून बहिष्कृत नव्हतो, जन्मलो म्हणून बहिष्कृत होतो.

म्हणजे एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक बहिष्कार वरून खाली येतो. तो माणसाला त्याच्या जागेवर दाबून ठेवण्यासाठी असतो. दुसरा खालून वर जातो. तो त्या जागा मोडण्यासाठी असतो. हा भेद ध्यानात ठेवून आता दक्षिण आफ्रिकेकडे पाहू.

तेथे १९४८ नंतर वर्णभेद हे राज्याचे धोरण झाले. कोणी कोठे राहायचे, कोणत्या शाळेत शिकायचे, कोणत्या बाकावर बसायचे, हे कातडीच्या रंगावरून कायद्याने ठरू लागले. खेळ त्यातून सुटणे शक्यच नव्हते. देशाचा संघ म्हणजे गोऱ्यांचा संघ. डर्बनमध्ये पापवा सेवगोलम नावाचा भारतीय वंशाचा गोल्फपटू होता. गोऱ्यांच्या पिशव्या वाहता वाहता तो खेळ शिकला. १९६३ साली त्याने गोऱ्या खेळाडूंना हरवून नाताळ प्रांताची खुली स्पर्धा जिंकली. बक्षीस समारंभाच्या वेळी पाऊस पडत होता. क्लबच्या इमारतीत गोरे मंडळी कोरडी बसली होती. विजेत्याला आत प्रवेश नव्हता. त्याला चषक बाहेर, पावसात देण्यात आला. ते छायाचित्र पुढे जगभर गेले.

खेळात राजकारण आणू नये असे म्हणणाऱ्यांनी त्या पावसात क्षणभर उभे राहावे. राजकारण तेथे बाहेरून आणलेलेच नव्हते. क्लबच्या दारात ते आधीपासून उभे होते आणि कोणाला आत सोडायचे ते ठरवीत होते.

फुटबॉलमध्ये हा संघर्ष सर्वांत स्पष्ट दिसतो. १९५७ साली सुदानच्या खार्टुम शहरात आफ्रिका चषकाची पहिली स्पर्धा भरली. इजिप्त, सुदान, इथिओपिया आणि दक्षिण आफ्रिका हे आफ्रिकी फुटबॉल संघटनेचे चार संस्थापक. दक्षिण आफ्रिकेचे म्हणणे असे की, आम्ही एकतर सगळा गोरा संघ पाठवू किंवा सगळा काळा. मिश्र संघ नाही. इतर तिघांनी ते मानले नाही. दक्षिण आफ्रिका स्पर्धेबाहेर गेली, इथिओपियाला पुढे चाल मिळाली आणि चषक इजिप्तने जिंकला. १९६१ साली जागतिक संघटनेने, म्हणजे फिफाने, दक्षिण आफ्रिकेला निलंबित केले. पण १९६३ साली अध्यक्ष सर स्टॅन्ली राऊस स्वतः तेथे जाऊन आल्यावर निलंबन उठविण्यात आले. यावर दक्षिण आफ्रिकेने सुचविलेला तोडगा पाहण्यासारखा आहे : १९६६ च्या विश्वचषकाला गोरा संघ पाठवू आणि १९७० च्या विश्वचषकाला काळा! आपल्याकडच्या वेगळ्या पाणवठ्यांची आठवण व्हावी असाच हा न्याय. १९६४ साली आफ्रिकी देशांच्या रेट्यामुळे निलंबन पुन्हा लागू झाले.

याच काळात १९६६ च्या विश्वचषकाचा प्रश्न उभा राहिला. सोळा जागांपैकी आफ्रिका, आशिया आणि ओशनिया या तिघांत मिळून एकच जागा ठेवण्यात आली. आफ्रिकेतील विजेत्याने पुन्हा आशियाच्या विजेत्याशी खेळून ती मिळवायची. एन्क्रुमांच्या घानाने यात पुढाकार घेतला आणि पंधरा आफ्रिकी देशांनी पात्रता फेरीतून माघार घेतली. फिफाने त्यांना दंड केला. इंग्लंडमध्ये स्पर्धा आफ्रिकेवाचून पार पडली. आणि गंमत अशी की, त्या स्पर्धेत सर्वाधिक नऊ गोल करणारा युसेबियो जन्माने आफ्रिकेचा, मोझांबिकचा होता. तो खेळला मात्र त्याच्या देशावर राज्य करणाऱ्या पोर्तुगालसाठी. माणसाचे कसब चालते, त्याचा समाज चालत नाही, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही. पण माघार वाया गेली नाही. १९७० च्या स्पर्धेत आफ्रिकेला हक्काची एक जागा मिळाली आणि मोरोक्को मेक्सिकोत खेळला. १९७४ साली, म्हणजे आपल्या डेव्हिस चषकाच्याच वर्षी, राऊस यांचा पराभव करून ब्राझीलचे आवेलांज फिफाचे अध्यक्ष झाले. त्या विजयात आफ्रिकी मतांचा मोठा वाटा होता.

१९७६ च्या जूनमध्ये सोवेटोत शाळकरी मुलांवर गोळ्या झाडल्या गेल्या. जुलैमध्ये फिफाने दक्षिण आफ्रिकेची हकालपट्टी केली. त्याच महिन्यात माँट्रियल ऑलिंपिक होते. न्यूझीलंडचा रग्बी संघ दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेला असूनही न्यूझीलंडला ऑलिंपिकमध्ये ठेवले, म्हणून वीसहून अधिक देश, बहुतेक आफ्रिकेतील, परत गेले. घाना, नायजेरिया आणि झांबिया यांचे फुटबॉल संघही गेले. सोळा संघांची फुटबॉल स्पर्धा तेरा संघांत उरकावी लागली.

आता त्या खेळाडूंचे काय? दक्षिण आफ्रिकेवरील क्रीडा-बहिष्काराची मोहीम ज्यांनी चालविली त्यांत डेनिस ब्रूटस हे एक प्रमुख नाव. ते कवी होते. त्यासाठी त्यांनी पाठीत गोळी खाल्ली आणि रॉबेन बेटावरच्या तुरुंगात दगड फोडले. ही मंडळी खेळाची वैरी नव्हती. त्याच रॉबेन बेटावर राजकीय कैद्यांनी फुटबॉल खेळण्याची परवानगी मिळावी म्हणून वर्षानुवर्षे अर्ज केले, शिक्षा भोगल्या आणि अखेर मकाना फुटबॉल असोसिएशन नावाची संघटना उभी केली. फिफाच्या नियमांनुसार तेथे साखळी सामने होत. बाहेर देशाच्या संघावर बहिष्कार मागणारी आणि आत चेंडूसाठी झगडणारी माणसे एकाच लढ्यातली. खेळ सर्वांचा असावा म्हणूनच त्यांना काहींच्या मालकीचा खेळ थांबवायचा होता.

यावरून बहिष्कार तपासण्याच्या तीन कसोट्या मला दिसतात. पहिली : बळ कोणाकडे आहे? गावाने वाळीत टाकले तेव्हा जमीन, दुकान, विहीर सगळे गावाकडे होते. दक्षिण आफ्रिकेत सोने, बंदुका आणि कायदा गोऱ्यांकडे होता. दुसरी : मागणी कोणाची आहे? दक्षिण आफ्रिकेवरचा बहिष्कार तेथल्या पिडलेल्या लोकांनीच मागितला होता. त्यात त्यांचे स्वतःचे खेळाडूही जगापासून तुटत होते, हे माहीत असून मागितला होता. तिसरी : उठविण्याची अट काय? गावाची अट होती, पुन्हा ढोरे ओढा. म्हणजे माणूसपण सोडा. दक्षिण आफ्रिकेपुढची अट होती, सर्वांमधून एक संघ निवडा. म्हणजे माणूसपण माना.

प्रत्येक क्रीडा-बहिष्कार या कसोट्यांना उतरतो असे नाही. १९८० साली मॉस्को आणि १९८४ साली लॉस एंजेलिस येथे महासत्तांनी एकमेकींना शह दिला. मैदानावर कोणाला उतरू द्यायचे या भेदभावाशी त्याचा संबंध नव्हता. १९६४ साली आशिया चषक फुटबॉल स्पर्धा इस्राएलमध्ये झाली. राजकीय कारणांसाठी अनेक देशांनी माघार घेतली आणि अंतिम स्पर्धेत चारच संघ उरले. भारत मात्र गेला आणि दुसरा आला. आपण तो दुसरा क्रमांक अभिमानाने सांगतो, रिकाम्या जागांचा उल्लेख करीत नाही. तेव्हा बहिष्कार म्हटला की तो योग्यच, असे माझे म्हणणे नाही. प्रत्येक वेळी कसोटी लावावी लागते.

पण लेख येथे संपविला तर तो अर्धा राहील. कारण १९७४ चा भारत तपासायचा राहिला.

भारताने १९४६ साली दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि तेथील भारतीयांवरील अन्यायाची तक्रार संयुक्त राष्ट्रसंघात नेली. असे करणारा तो पहिला देश. त्याच वर्षी बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉय यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील निग्रो समाजाने संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे त्यांच्या वाचनात आले होते; त्याच्या प्रती त्यांनी मागविल्या. अस्पृश्यांचा प्रश्नही तेथे नेता येईल का, हा विचार त्यामागे होता. म्हणजे एकाच वर्षी देशाची दोन गाऱ्हाणी जगाच्या दारात जाऊ पाहत होती. एक पोचले, दुसरे देशाने घरचे म्हणून ठेवून घेतले.

१९७४ साली तेच दिसते. सरकारने वर्णभेदाशी हातमिळवणी करणार नाही असे बजावले, ते योग्यच केले. पण त्याच वर्षाच्या जानेवारीत वरळीत दंगल पेटली होती. अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून नाव घेतलेली दलित पँथर तेव्हा दीड-दोन वर्षांची होती. अकोला जिल्ह्यातील धाकली गावात दोन भावांचे डोळे काढले गेले तेही त्याच वर्षी. त्यासाठी कोणता चषक कोणी सोडला?

आणि खेळाच्या मैदानाविषयीच बोलायचे तर पुण्याला आपला पापवा सेवगोलम आधीच मिळाला होता. चांभार समाजात जन्मलेले पळवणकर बाळू. महिना तीन-चार रुपयांवर ते पारशांच्या आणि पुढे गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी झाडीत, लोळवीत आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करीत. फलंदाजी त्यांच्या वाट्याला येत नसे, ती साहेबांची. पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचे होते म्हणून बाळूंना संघात घेतले. मैदानावर सगळे त्यांच्याच हातचा चेंडू झेलीत. चहाच्या वेळी मात्र त्यांना मंडपाबाहेर मातीच्या परळात वेगळा चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना रीतसर कधी मिळाले नाही. १९२० साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांत कर्णधारपदासाठी पळवणकर बंधूंना डावलले गेले तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निषेध करून संघातून माघार घेतली. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले. बाळू पुढे काँग्रेसच्या बाजूने गेले, १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध उभे राहून हरले, हाही इतिहासच आहे. पण १९२० ची ती माघार आपली आहे. खार्टुमच्या सदतीस वर्षे आधी, खालून वर गेलेला तो क्रीडा-बहिष्कार होता.

२००१ साली वंशभेदाविरुद्धची जागतिक परिषद भरली ती डर्बनमध्येच, सेवगोलमच्या गावात. दलित संघटना तेथे जातीचा प्रश्न घेऊन गेल्या. भारत सरकारने विरोध केला : जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे. दक्षिण आफ्रिकेचे गोरे सरकार चाळीस वर्षे हेच तर म्हणत होते.

पुढच्या तासाला मी त्या विद्यार्थ्याला यातले बरेचसे सांगितले. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "सर, मग अमृतराजांनी सोडलेला चषक आपण अजून फेडला नाही." मी त्याला विचारले, म्हणजे काय? तो म्हणाला, "तिथं खेळायला नाही म्हणालो, ते बरोबर. पण इथं आमच्या गावच्या संघात अजून मला घेत नाहीत. सुटीत गेलो की मी बाहेर उभा राहून बघतो."

तास संपल्याची घंटा झाली होती. मुले उठून गेली. तो थांबला आणि आपल्या वस्तीतल्या मुलांचा वेगळा संघ काढावा, की गावच्या संघातच जागा मागावी, हे मला विचारू लागला. मी म्हणालो, जागा माग; दिली नाही तर का दिली नाही ते लिहून माग. आणि जे लिहून देतील ते घेऊन माझ्याकडे ये.